समुद्राचं पाणी येत नाही, भरती मात्र येते

मागच्या उन्हाळ्यात नेदरलँड्सला बीसबोशमध्ये कनू (अरुंद, हलकी होडी) घेऊन दिवसभर फिरलो. 1421 च्या महापुरात जमीन बुडून झालेला हा पाणथळ भाग, ऱ्हाइन आणि मास नद्यांच्या त्रिभुज प्रदेशात, दोन्ही काठांना विलोची झाडं आणि चिखलावर वीतभर ओली पट्टी. भरतीची खूण! सोबतच्या मित्राने ओंजळभर पाणी चाखलं तर गोडं. आपल्याकडे खाडी म्हटली की पाणी मचूळ, म्हणून त्याने विचारलं, भरती येते तर मीठ कुठे गेलं?

भरती म्हणजे समुद्राचं पाणी आत घुसणं असं आपण धरून चालतो, पण भरती ही मुळात लाट आहे, साधारण 12 तास 25 मिनिटांची एक. उथळ पाण्यात लाटेचा वेग किती, तर मीटरमधल्या खोलीला 9.8 ने (हा गुरुत्वाकर्षणाचा आकडा) गुणायचं आणि वर्गमूळ काढायचं. 5 मीटर खोली असेल तर सेकंदाला 7 मीटर, म्हणजे ताशी 25 किलोमीटर. पाणी स्वतः मात्र फार तर सेकंदाला मीटरभर सरकतं आणि सहाएक तासांत उलटं फिरतं, त्यामुळे मीठ 10-15 किलोमीटर आत येऊन परत जातं आणि लाट पुढे निघून जाते. टोलनाक्यावर बघा, पुढची गाडी थांबली की थांबणं मागे मागे सरकत जातं, गाडी एकही मागे येत नाही. तसंच नदीचं गोडं पाणी तुंबतं आणि चढतं. त्यात लाटेच्या माथ्याखाली पाणी जास्त खोल, म्हणून माथा पायथ्यापेक्षा जोरात धावतो, म्हणून आतल्या भागात भरती झपकन चढते आणि सुकती, म्हणजे ओहोटी, रेंगाळते.

(पौर्णिमेला अंगातल्या पाण्यालाही भरती येते, म्हणून डोकं फिरतं, असं सांगणारे भेटतात. उधाण खरं, पण ते येतं पृथ्वीच्या या टोकाला आणि त्या टोकाला चंद्र-सूर्याची ओढ वेगवेगळी असते म्हणून, आणि ही टोकं 12,700 किलोमीटर लांब आहेत. दोन मीटरच्या माणसात तो फरक नसल्यातच जमा.)

1944-45 च्या हिवाळ्यात याच पाण्याच्या दक्षिणेला मुक्त झालेला भाग होता आणि उत्तरेला जर्मनांच्या ताब्यातला उपाशी मुलूख. 21 जणांनी रात्रीच्या काळोखात कनू आणि वल्ह्याच्या होड्यांतून 374 फेऱ्या मारल्या, इकडून औषधं न्यायची, तिकडून बातम्या आणि माणसं आणायची. तेव्हा भरती जवळजवळ 2 मीटरची होती, सुकतीला अरुंद नाले नुसते चिखल, तिथे होडी रुतली की संपलं. भरतीची वेळ चुकवून चालणारच नव्हतं. दोघे पकडले गेले, युद्ध संपायच्या तोंडावर त्यांना गोळ्या घातल्या.

1970 मध्ये हारिंगफ्लीट या खाडीचं समुद्राकडचं तोंड धरणाने बंद झालं आणि बऱ्याच भागात भरती 20-30 सेंटीमीटरवर आली. म्हणून आमची कनू कुठेच रुतली नाही. त्या 21 जणांच्या काळात ती ओली पट्टी माझ्या डोक्याच्याही वर गेली असती.