ग्रास बॅगर

ग्रास बॅगर : बसून चालवायच्या गवतकापणी यंत्राला (रायडिंग लॉन मॉवर) जोडायचे, कापलेले गवत गोळा करणारे साधन. कापलेले गवत हिरवळीवर पडू न देता नळीवाटे यंत्राच्या मागच्या पिशव्यांत किंवा डब्यांत साठवणे हे त्याचे काम. नावात पिशवी असली तरी पिशवी हा त्यातला सर्वांत साधा भाग होय. खरे काम हवा करते, आणि बॅगरच्या बहुतेक तक्रारींचे मूळ त्या हवेच्या वाटेतच कुठेतरी सापडते.

गवत गोळा करण्याची कल्पना गवतकापणी यंत्राइतकीच जुनी आहे. इंग्लंडमधील स्ट्राउड परिसरातल्या एडविन बडिंग याने १८३० मध्ये पहिल्या लॉन मॉवरचे पेटंट घेतले. त्याही यंत्रात कापलेले गवत पुढे लावलेल्या ट्रेमध्ये पडत असे. पण तेथे दंडगोलावरची पाती गवत नुसते पुढे भिरकावत आणि ट्रे अगदी समोरच असे. आजच्या रायडिंग मॉवरमध्ये पाती चालकाच्या पायांखालच्या डेकमध्ये (पात्यांवरच्या कवचात) आडवी फिरतात आणि पिशव्या चालकाच्या पाठीमागे, बऱ्याच उंचीवर टांगलेल्या असतात. एवढा चढ गवताला वाऱ्यावर स्वार होऊनच चढावा लागतो.

हा वारा पाती स्वतःच निर्माण करतात. पात्याची मागची कड वर वळवलेली असते. फिरताना ती पंख्यासारखी हवा उचलते. त्यामुळे आडवे पडलेले गवत उभे राहते, कापले जाते आणि हवेबरोबर डेकच्या तोंडातून बाहेर फेकले जाते. बॅगरसाठी ही कड जास्त उंच असलेली पाती (हाय-लिफ्ट) वापरतात. पाती हव्या तितक्या वेगाने फिरवून वारा वाढवावा, तर तेही शक्य नसते : अमेरिकेतील एएनएसआय बी७१.१ या मानकानुसार पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फुटांवर, म्हणजे सेकंदाला सुमारे ९६ मीटरवर जाता कामा नये. म्हणून मोठ्या यंत्रांवर डेकच्या तोंडाशी पट्ट्यावर चालणारा वेगळा ब्लोअर (हवा फुंकणारा पंखा) बसवतात. तो दमट गवत आणि पालापाचोळाही रेटून नेतो. मात्र इंजिनावरचा भार आणि यंत्राची रुंदी दोन्ही वाढवतो.

रचनेचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात डेकचे तोंड बाजूला, बहुधा उजवीकडे असते. तेथून निघालेली नळी मागच्या झाकणाखाली जाते आणि झाकणाखाली दोन किंवा तीन पिशव्या असतात. नळी उजवीकडे बाहेर आलेली असल्याने झाडे आणि कुंपण डाव्या हाताला ठेवून कापणे सोयीचे पडते. दुसऱ्या प्रकारात मागच्या चाकांमधून जाणाऱ्या रुंद बोगद्यातून गवत थेट मोठ्या डब्यात पडते. हा प्रकार युरोपात अधिक दिसतो. वाट आखूड आणि सरळ असल्याने तो कमी तुंबतो.

झाकणाची जाळी आणि पिशवीचे विणलेले कापड यांकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. गवताबरोबर आलेली हवा तेथूनच बाहेर पडायची असते. धूळ आणि गवताचा रस यांनी ती छिद्रे लिंपली गेली, की पिशवी अर्धी रिकामी असूनही गवत आत जात नाही. तोंड बंद असलेल्या बाटलीत हवा फुंकण्यासारखेच ते असते. पिशव्या धुऊन वाळवणे हा म्हणूनच टापटिपीचा नव्हे, दुरुस्तीचा भाग आहे.

बॅगर त्या-त्या मॉडेलच्या डेकसाठी बनवलेला असावा लागतो. जोडण्यापूर्वी गवत आतच बारीक करणारा मल्चिंगचा अडसर काढावा लागतो. तो तसाच राहिला, तर डेकचे तोंडच बंद राहते. मागे भार आल्याने पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणू सैल लागते, म्हणून पुष्कळ यंत्रांना पुढे वजने लावतात.

चालवताना इंजिन पूर्ण थ्रॉटलवर (पूर्ण वेगावर) आणि गाडी सावकाश, हा नियम. आवाज कमी व्हावा म्हणून थ्रॉटल अर्ध्यावर आणणे ही सर्वांत सार्वत्रिक चूक. आवाजाबरोबर वाराही कमी होतो. ओले गवत जड आणि चिकट असल्याने नळीच्या वळणावर साचते, तेव्हा दव सुकू द्यावे. गवत फार वाढले असेल, तर एका वेळी उंचीच्या एकतृतीयांशाहून अधिक कापू नये किंवा डेकची निम्मी रुंदीच वापरावी. मागे गवताचे पुंजके सुटू लागले किंवा पात्यांचा आवाज दबला, तर पिशवी भरली तरी आहे किंवा नळी तुंबली तरी आहे.

तुंबलेली नळी मोकळी करताना पाती बंद करून इंजिन थांबवावे, किल्ली काढावी, पाती पूर्ण थांबल्याची खात्री करावी आणि हात न घालता काठी वापरावी. बाजूला तोंड असलेल्या डेकवर बॅगर किंवा तोंडावरचे संरक्षक झाकण यांपैकी एक असल्याशिवाय यंत्र चालवू नये. फाटलेल्या पिशवीतून दगड बाहेर उडू शकतो. अनेक उत्पादक १५ अंशांहून तीव्र उतारावर यंत्र चालवायला मनाई करतात. भरलेल्या बॅगरसह त्याहून सौम्य उतारच पत्करावा आणि तोही आडवा नव्हे, वर-खाली कापावा. भरलेल्या पिशव्या तशाच लावून यंत्र ठेवून देऊ नये : ओल्या गवताचा ढीग कुजताना आतून तापतो.

दर वेळी गवत गोळा करावेच असे मात्र नाही. त्यात तीनचतुर्थांशाहून अधिक पाणी असते; जमिनीवर पडलेले बारीक तुकडे लवकर कुजतात आणि नायट्रोजन मातीला परत देतात. त्यांच्यामुळे हिरवळीत अर्धवट कुजलेल्या अवशेषांचा जाड थर (थॅच) साचतो हा समज चुकीचा आहे. तो थर मुख्यतः खोडे आणि मुळे यांचा असतो. तण बीजावर आले असेल, बुरशीजन्य रोग पसरत असेल, पानगळ झाली असेल किंवा गवत फारच वाढले असेल, तेव्हा बॅगर उपयोगी पडतो. एरवी पिशव्या रिकाम्या करण्याच्या खेपा वाचवलेल्याच बऱ्या.

गोळा झालेले गवत नायट्रोजनयुक्त असल्याने कंपोस्टमध्ये ते वाळक्या पानांत मिसळून घालतात; नुसत्या गवताचा गिलावा होतो, आत हवा खेळत नाही आणि दुर्गंधी सुटते. हिरवळीवर क्लोपायरॅलिडसारखे तणनाशक मारलेले असेल, तर ते गवत कंपोस्टमध्ये घालू नये. हे रसायन कुजूनही टिकून राहते, आणि अशा खतावर वाढलेल्या टोमॅटो व शेंगवर्गीय पिकांची पाने वेडीवाकडी आखडतात.