चित्र की शिल्प? एका जुन्या घोळाची पार्श्वभूमी

बेळगाव, निपाणीकडच्या एखाद्या प्रदर्शनात भिंतीवरच्या फळीतून पत्रा बाहेर आलेला, त्यावर जाड रंग फासलेला दिसला की प्रश्न ठरलेला : हे चित्र की शिल्प? खरं तर आपल्याकडे या दोन्हींची सोयरीक जुनीच. शाडूचा गणपती घ्या. मातीकाम वाळलं की पांढऱ्या रंगाचा हात, मग अंगरंग, पितांबर आणि शेवटी डोळ्यांची आखणी. पापणीचा उठाव मातीचा, नजर मात्र कुंचल्याची. आणि बऱ्याचदा दोन्ही एकाच माणसाच्या हातची. गोकाकची रंगीत फळं-खेळणीही त्याच जातीची. शेजारच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) नाटकांचे पडदे रंगवत आणि पुतळेही घडवत.

इथलं घोडं अडलं ते अमूर्तापाशी, म्हणजे ओळखीचा आकार नसलेल्या कलेपाशी. बेळगावची नजर घडवली के. बी. कुलकर्णींसारख्या शिक्षकांनी, व्यक्तिचित्रं आणि निसर्गचित्रांवर. रवी परांजपे त्यांचेच विद्यार्थी. या परंपरेत 'ओळखू येणं' ही पहिली अट. हात इतके पक्के असताना ती मोडावी असं कुणाला का वाटेल?

ती मोडली दूर युरोपात. १९१२ मध्ये पिकासोनं चित्रावर मेणकापड चिकटवलं, कडेनं दोर गुंडाळला. त्या चित्रातल्या वस्तू तरी ओळखीच्या होत्या. दोन-तीन वर्षांत रशियात तातलिन या कलावंतानं पत्रा, लाकूड, तारा खोलीच्या कोपऱ्यात ताणून बसवल्या आणि चित्रविषयच उरला नाही. मूळचा शिल्पकार असलेल्या लुचिओ फोंतानानं १९४९ पासून कॅनव्हासला भोकं पाडली, १९५८ पासून सरळ छेद दिले.

भारतात हे वळण मला सर्वांत ठसठशीत दिसतं ते चित्रकार जेराम पटेलांत. प्लायवूडवर ब्लोटॉर्च (ज्योत फेकणारं यंत्र) फिरवून ते लाकूड जाळत, कोरत. थर उलगडून खड्डे पडत, कडा कोळशासारख्या काळ्या होत. रंगाचं काम जाळानंच केलेलं! ते ज्या 'ग्रुप १८९०' या कलावंतांच्या गटामध्ये होते, त्याचं एकमेव प्रदर्शन १९६३ मध्ये दिल्लीत भरलं; उद्घाटन नेहरूंनी केलं. गटाचं नाव भावनगरमधल्या एका घराच्या क्रमांकावरून आलं होतं. मुंबईचे मोहन सामंतही वाळू, प्लास्टर, तारा चित्रात आणत होते.

सामानाला बेळगावात तोटा नाही. उद्यमबाग या औद्योगिक भागात फाउंड्री (धातू ओतायचे कारखाने) आहेत, खानापूरला माती आहे. अडचण सभागृहांची. या कामांना बाजूनं उजेड लागतो. समोरून ट्यूबलाइट मारली की उठावाची सावलीच पडत नाही आणि सगळं सपाट दिसतं.