ब्रांट अविश्वास ठराव, १९७२

पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर (सरकारप्रमुख) विली ब्रांट यांच्यावरील अविश्वास ठराव पूर्व जर्मनीच्या गुप्तचर यंत्रणेने मते विकत घेऊन हाणून पाडल्याचे प्रकरण. परक्या सरकारने लोकशाही देशाच्या संसदेत केलेल्या छुप्या हस्तक्षेपाचे हे ठळक उदाहरण होय. यात पैसा सरकार पाडण्यासाठी नव्हे, तर वाचवण्यासाठी ओतला गेला.

ब्रांट यांनी १९७० मध्ये मॉस्को आणि वॉर्सा येथे करार करून पूर्व युरोपाशी समेटाचे धोरण स्वीकारले. हे धोरण न पटल्याने सत्ताधारी आघाडीचे काही खासदार एकेक करत विरोधी बाकांवर गेले. जर्मनीत पक्षांतरबंदी कायदा नाही. १९६९ मध्ये आघाडीकडे ४९६ पैकी २५४ जागा होत्या. १९७२ च्या वसंतात बहुमत जवळजवळ उरलेच नव्हते. पूर्व जर्मनीला मात्र ब्रांट हवे होते, कारण त्यांच्या धोरणामुळेच तिला राज्य म्हणून मान्यता मिळण्याची वाट मोकळी होणार होती.

घटनेच्या ६७ व्या कलमानुसार चॅन्सेलरला हटवताना त्याच ठरावात नवा चॅन्सेलर निवडावा लागतो; संसदेच्या नियमांनुसार हे मतदान गुप्त असते. २७ एप्रिल १९७२ रोजी विरोधी नेते रायनर बार्त्सेल यांना २४९ मते हवी होती. आपलेच कोणी फुटू नये म्हणून ब्रांट यांच्या पक्षाचे बहुतेक खासदार मतदानाला उठलेच नाहीत. एकूण २६० मते पडली: बाजूने २४७, विरुद्ध १०, तटस्थ ३. बार्त्सेल दोन मतांनी हरले, म्हणजे फूट त्यांच्याच गोटात पडली होती.

१९७३ मध्ये बार्त्सेल यांच्याच ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाचे खासदार युलियस श्टाइनर यांनी ५०,००० मार्क घेतल्याचे सांगून टाकले, पण देणारा म्हणून त्यांनी बोट दाखवले सत्ताधारी पक्षाचे कार्ल वीनांट यांच्याकडे. संसदीय चौकशी समितीच्या हाती काहीच लागले नाही. जर्मन एकीकरणानंतर पूर्व जर्मनीच्या परदेशी हेरखात्याचे माजी प्रमुख मार्कुस वोल्फ यांनी हा पैसा आपल्या खात्याचा होता असे कबूल केले. दुसरे मत बव्हेरियाचे विरोधी खासदार लेओ वाग्नर यांचे, असे स्टासीच्या, म्हणजे पूर्व जर्मनीच्या गुप्तचर यंत्रणेच्या, कागदपत्रांवरून पुढे मानले गेले. ते कर्जात बुडालेले होते. गुप्त मतदानात कोणाची चिठ्ठी कोणती हे सिद्ध होत नाही, त्यामुळे ‘दोन मते, दोन लाचा’ हे गणित दिसते तितके पक्के नाही. शिवाय घोडेबाजार दोन्ही बाजूंनी चालू असल्याची कुजबुज त्या वेळी पश्चिम जर्मनीची राजधानी बॉनमध्ये होतीच.

दुसऱ्याच दिवशी चॅन्सेलर कार्यालयाच्या अंदाजपत्रकावर २४७–२४७ अशी बरोबरी होऊन ते नामंजूर झाले, म्हणजे ब्रांट वाचले तरी सरकार लंगडेच राहिले. मे महिन्यात विरोधकांपैकी बहुतेक तटस्थ राहिल्याने करार संमत झाले आणि नोव्हेंबरच्या मुदतपूर्व निवडणुकीत ब्रांट यांचा पक्ष प्रथमच सर्वांत मोठा ठरला. डिसेंबरमध्ये दोन्ही जर्मनींत मूलभूत करार झाला. पूर्व बर्लिनला हवे होते ते बव्हंशी पदरात पडले, पण ते मतदारांच्या कौलामुळे की पाकिटांमुळे, यावर इतिहासकारांचे एकमत नाही.

ज्या हेरखात्याने ब्रांट यांना तारले, त्याच्याच हेरामुळे त्यांची खुर्ची गेली. त्यांचे सहायक गुंटर गियोम एप्रिल १९७४ मध्ये पकडले गेले आणि मे महिन्यात ब्रांट यांनी राजीनामा दिला. वीनांट यांना १९९६ मध्ये पूर्व जर्मनीसाठी हेरगिरी केल्याबद्दल शिक्षा झाली. ६७ व्या कलमाचा यशस्वी वापर पुढे १ ऑक्टोबर १९८२ रोजी झाला; हेल्मुट श्मिट जाऊन हेल्मुट कोल आले, आणि तेही गुप्त मतदानानेच.