थांबली ती ताकद, वाहिली ती नजाकत?

नागपुरात शालेय जिम्नॅस्टिक्स स्पर्धा बघायला बसलं की दोन शेरे हमखास कानावर पडतात. रिंग्जवर (टांगलेल्या दोन कड्यांवर) एखादा मुलगा हात आडवे करून थांबला की, "बाप्पा! काय ताकद आहे पोट्ट्यात!" आणि बीमवर (उंचावरच्या अरुंद पट्टीवर) एखादी मुलगी उलटी कोलांटी घेऊन उभी राहिली की, "किती लवचीक आहे पोरगी, अन् किती गोड करते!" हे म्हणणाऱ्यांत कधी कधी तिचे आईबाबाही असतात. मुलगा ताकदवान, मुलगी लवचीक, विषय संपला. ही वाटणी अर्धीच खरी आहे. जो अर्धा खोटा आहे त्याचा दोष प्रेक्षकांकडे कमी आणि खेळाच्या नियमांकडे जास्त जातो, असं मला वाटतं.

आधी साधनं पाहू. पुरुषांना सहा: फ्लोअर (जमिनीवरच्या कसरती), पॉमेल हॉर्स (दोन मुठींचा घोडा), रिंग्ज, व्हॉल्ट (धावत येऊन टेबलावर हात टेकून मारायची उडी), पॅरलल बार (आपल्या व्यायामशाळेतला डबल बार) आणि हॉरिझॉन्टल बार (एकच आडवा बार). महिलांना चार: व्हॉल्ट, अनइव्हन बार (कमी-जास्त उंचीचे दोन आडवे बार), बीम आणि फ्लोअर. सामाईक म्हणायची ती दोनच, आणि तीही तंतोतंत सारखी नाहीत. व्हॉल्टचं टेबल पुरुषांसाठी १३५ सेंटिमीटर उंच असतं, महिलांसाठी १२५. फ्लोअर दोघांनाही १२ बाय १२ मीटरचाच, पण महिलांचा संच, म्हणजे सलग सादर करायच्या कसरती, दीड मिनिटापर्यंत चालतो आणि त्याला शब्द नसलेलं संगीत असतं. पुरुषांचा त्याहून आखूड, आणि संगीताशिवाय. पुरुषांच्या सहांपैकी चार साधनांवर अख्खं शरीर हातांनी तोलायचं असतं. महिलांकडे तसं साधन एकच, बार. त्यामुळे 'पुरुष हातांवर खेळतात, महिला पायांवर' हे ढोबळ विधान 'पुरुष ताकदीनं, महिला नजाकतीनं' यापेक्षा कितीतरी बरं.

यामागे शरीराचं कारण आहेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. वयात येताना मुलांच्या खांद्या-दंडांचे स्नायू झपाट्यानं भरतात. सरासरी स्त्री-पुरुषांत वरच्या अंगाच्या ताकदीत जेवढं अंतर पडतं, तेवढं पायांच्या ताकदीत पडत नाही. तरीही साधनांची वाटणी काही आभाळातून पडलेली नाही. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिला झुलत्या रिंग्जवर खेळल्या होत्या. पुढे साधनं बदलत गेली आणि रिंग्ज पुरुषांकडेच राहिल्या.

आता नियमांकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. रिंग्जवरचा 'क्रॉस' घ्या: दोन्ही हात खांद्याच्या रेषेत आडवे, शरीर सरळ उभं. ही स्थिती दोन सेकंद स्थिर धरावी लागते. कमी थांबलात तर गुण कापतात, थांबलातच नाही तर तो प्रकार केल्याचं धरतच नाहीत. दोन सेकंद ऐकायला काहीच नाहीत. पण तेवढ्या वेळात प्रेक्षकाला फुगलेल्या शिरा, थरथरणारे दंड, आवळलेला जबडा सगळं दिसतं. नियमच म्हणतो, थांब आणि दाखव. हात जितका लांब, तितका खांद्यावरचा ताण जास्त, म्हणून रिंग्जचे पट्टीचे खेळाडू बहुधा बुटके असतात. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये या साधनावर सुवर्ण मिळवणारा ब्राझीलचा आर्थर झानेटी जेमतेम पाच फूट एक इंचाचा. पण रिंग्जवरची अवघड गोष्ट एवढीच नाही. त्या मोकळ्या लोंबत असतात. जोरात झोका घेऊन हातांवर उभं राहायचं आणि त्या क्षणी रिंग्ज हलू द्यायच्या नाहीत, हे निव्वळ कौशल्य आहे. त्याला टाळ्या पडत नाहीत. टाळ्या क्रॉसला.

अनइव्हन बारचा नियम नेमका उलटा. खालचा बार १७० सेंटिमीटरवर, वरचा २५० वर. मुलगी लटकते, 'किप' घेऊन अंग बारवर आणते, तिथून पाय मागे फेकत हातांवर उभी राहते. ही उभी रेघ सरळ रेषेपासून दहा अंशांहून जास्त कलली की गुण कापतात. लगेच बारभोवती मोठा फेरा, मग बार सोडून हवेत, पुन्हा पकड. मध्ये रेंगाळली, एक झोका फुकट घेतला, तरी गुण गेले. मोठ्या फेऱ्यात शरीर खाली येतं तेव्हा हातांवर स्वतःच्या वजनाच्या तीन-चार पट ओढ येते. पुरुषांचा हॉरिझॉन्टल बार २.८ सेंटिमीटर जाडीचा, लोखंडी. महिलांचा सुमारे ४ सेंटिमीटर जाड, म्हणजे बहुधा लहान हातांना मोठी जाडी पकडायची. किप आणि हातांवर जाणं यात पोट, खांदे, मनगटं यांची जी ताकद लागते ती ज्यानं एकदा करून पाहिलंय त्यालाच कळते. मे महिन्यात उन्हाळी शिबिरात, कूलर लावूनही तळहात घामानं निसटत असताना, खडूच्या पावडरीचे ढग उडवत दहा-बारा वर्षांच्या मुली हे पुन्हा पुन्हा करतात. पण ताकद कुठेही थांबत नाही, त्यामुळे दिसत नाही. जे थांबतं ती ताकद आणि जे वाहतं ती नजाकत, असा आपल्या डोळ्यांचा हिशेब आहे.

हा हिशेब पुरुषांवरही अन्याय करतो, हे सहसा कोणी बोलत नाही. पॉमेल हॉर्स हे बहुधा पुरुषांचं सगळ्यात दगाबाज साधन. पाय जोडून घोड्याभोवती फिरवत राहायचे, वजन एका हातावरून दुसऱ्यावर, कुठेही थांबायचं नाही. दंड कितीही जाड असले तरी लय चुकली की खाली. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा स्टीफन नेडोरोस्चिक चष्मा काढून फक्त याच साधनावर उतरला, संघाच्या कांस्यपदकाला हातभार लावून गेला आणि वैयक्तिक कांस्यही घेऊन गेला. जगभर त्याचं कौतुक झालं, पण ते 'चष्मेवाला साधा पोरगा' म्हणून. त्याचा खेळ समजून घेणारे त्यात थोडेच असावेत.

दोन्ही बाजू खरोखर शेजारी ठेवून पाहायच्या तर व्हॉल्टकडे यावं लागतं, आणि तिथे आपल्याकडचंच उदाहरण आहे. दीपा कर्माकर, त्रिपुराच्या आगरतळ्याची. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये व्हॉल्टच्या अंतिम फेरीत १५.०६६ गुणांसह चौथी आली, कांस्यपदक ०.१५० नं हुकलं. तिची प्रोडुनोवा उडी त्या काळात घराघरांत पोचली. धावत यायचं, हात टेबलावर आपटून उसळी घ्यायची, हवेत पुढच्या दिशेनं दोन कोलांट्या आणि पायांवर उतरायचं. कोलांटी पुढची असल्यामुळे उतरताना जमीन शेवटपर्यंत नीट दिसत नाही, आणि फिरणं थोडं कमी-जास्त झालं तर मान किंवा पाठ धोक्यात. 'मृत्यूची उडी' असं नाव वर्तमानपत्रांनी दिलं ते उगाच नाही.

पण हीच उडी पुरुषांच्या नियमांतल्या उड्यांच्या यादीतही आहे, रोचे या नावानं. शेवटी अर्धं वळण घालून केली की ती द्रागुलेस्कू. पुरुषांच्या स्पर्धांत या उड्या अनेकांनी मारल्या आणि त्यांना सहसा कोणी मृत्यूची उडी म्हटलं नाही. यावरून 'मग दीपानं विशेष काय केलं' असा निष्कर्ष काढणाऱ्यांशी मी वाद घालतो. उडी तीच असली तरी काम तेच नाही. हातांनी टेबलावर दिलेल्या धक्क्यातून उंची मिळते आणि उंचीतून फिरायला वेळ मिळतो. खांद्यांचा धक्का आणि धावण्याचा वेग यांत पुरुषांना सरासरीनं बढत असते. ज्या शरीराला हवेत कमी वेळ मिळतो त्यानं त्या वेळात तेवढंच फिरायचं म्हणजे जास्त घट्ट गुंडाळी, जास्त नेमका धक्का आणि चुकायला कमी जागा. महिलांच्या यादीत तेव्हा तिला काठिण्याचे ७.० गुण होते, पुरुषांच्या यादीत तिच्या जुळ्या उडीला बरेच कमी. दोन्ही याद्यांचे आकडे एकमेकांना लावून पाहता येत नाहीत, पण कोणत्या शरीराला काय जड जातं याचा नियमकर्त्यांचा अंदाज त्यातून कळतो. पुढे महिलांच्या यादीतही या उडीचं मोल उतरवलं गेलं.

नियमकर्त्यांचा हा अंदाज कधी कधी चमत्कारिक वळण घेतो. २०१९मध्ये अमेरिकेच्या सिमोन बाइल्सनं बीमवरून दोन कोलांट्या आणि दोन गिरक्या घेत उतरण्याचा नवा प्रकार केला. जिम्नॅस्टिक्सच्या जागतिक संघटनेनं त्याला अपेक्षेपेक्षा कमी श्रेणी दिली. कारण असं सांगितलं की मोल जास्त ठेवलं तर इतर मुली जीव धोक्यात घालून करू पाहतील. बाइल्सनं उघड नाराजी दाखवली. काळजीचा मुद्दा मला पटतो, पण गुण अवघडपणाचे असतात, काळजीचे नव्हेत. बाइल्सची उंची १४२ सेंटिमीटर, आणि तिच्या पायांतला स्फोट पाहिल्यावर 'गोड' हा शब्द कोणी तोंडातून काढू नये. पण फ्लोअरवर तिला नृत्याच्या उड्याही घ्याव्या लागतात, त्यांत एक पाय पूर्ण १८० अंश फाकवणारी, आणि भाव, ताल, देहबोली कमी पडली तर त्याचेही गुण कापतात. पुरुषांच्या फ्लोअरवर भावमुद्रा कोणी मोजत नाही. मुलीनं तिहेरी गिरकीची कोलांटी मारावी आणि धाप लागल्याचं चेहऱ्यावर दिसू न देता पुढच्या तालावर हात फिरवावा, ही अपेक्षा. मग प्रेक्षकाला हातच आठवला तर त्याला काय म्हणायचं?

'हा तर लहान मुलींचा खेळ' ही समजूतही फार जुनी नाही. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये हंगेरीच्या आग्नेस केलेतीनं पस्तिसाव्या वर्षी चार सुवर्णपदकं मिळवली. मग १९७६ला माँट्रियलमध्ये चौदा वर्षांची रुमानियाची नादिया कोमानेची आली, पूर्ण १० गुण घेतले, फलकावर १०.०० दाखवायची सोयच नसल्यानं १.०० उमटलं, आणि लहान मुलीची तीच प्रतिमा घट्ट बसली. १९९७पासून मोठ्या स्पर्धांसाठी महिलांचं किमान वय सोळा झालं. उझबेकिस्तानात जन्मलेल्या ओक्साना चुसोवितिनानं २००८ला तेहतिसाव्या वर्षी व्हॉल्टचं रौप्य घेतलं आणि टोकियोपर्यंत, म्हणजे सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत, ऑलिंपिक खेळली.

मराठी माणसाला हे सगळं समजायला परदेशात जायची गरज नाही, मल्लखांब पुरे. पुरलेला खांब मुलांचा आणि दोरी मुलींची ही आपली जुनी वाटणी, जरी आता मुली खांबावरही उतरतात. नागपूरहून दीडशे किलोमीटरवर अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. त्याच्या पथकानं १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकार जगाला दाखवले. विदर्भात हा वारसा घरचाच. खांबावरचे अढी, ताजवा असे प्रकार बघून लोक 'ताकद' म्हणतात, दोरीवरची आसनं बघून 'वा, काय सुंदर'. दोरी मात्र टेकू देत नाही. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत ती धरायची, हातांनी अंग वर ओढायचं, कुठेही गाठ न मारता पायांचे वेढे घालून मग हात सोडायचे. दोरी बोटांत काचते, मांडीवर वळ उठतात. खाली उभ्या प्रेक्षकाला फक्त पद्मासन दिसतं.

कपड्यांचाही समजुतीत वाटा आहे. पुरुष हातांवरच्या चार साधनांवर लांब पँट घालतात, महिला आखूड, अंगाला घट्ट बसणारा लिओटार्ड. टोकियोत जर्मनीच्या मुली घोट्यापर्यंतच्या पोशाखात उतरल्या, नियमांत ती सोय आधीपासून होतीच. आपल्याकडे कपड्यांपायी बाराव्या-तेराव्या वर्षी खेळ सोडणाऱ्या मुली असतात, हे प्रशिक्षकांना सांगायला नको.

उरतो तो प्रश्न जो मुलींच्या आया प्रशिक्षक सरांना बाजूला घेऊन विचारतात: "सर, हिची उंची तर नाही ना खुंटणार? अन् दंड पोरांसारखे तर नाही ना होणार?" उंचीबद्दल: जिम्नॅस्टिक्समुळे मोठेपणीची उंची कमी होते असा भक्कम पुरावा अभ्यासांत सापडलेला नाही. बुटक्या मुलींना फिरणं सोपं जातं म्हणून त्या टिकतात आणि वरपर्यंत जातात, उंच मुली आधीच गळतात. मग बघणाऱ्याला कारण आणि परिणाम उलटे दिसतात. दंडांबद्दल: वयात येण्याआधी स्नायू फारसे फुगत नाहीत, ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू स्नायूंना चांगलं जुंपायला शिकतो म्हणून. नंतर खांदे थोडे भरतील, आणि बारवर उभं राहायचं तर ते भरायलाच हवेत. खरा धोका वेगळा आहे, वजन वाढू नये म्हणून ताटातलं कमी करणं. तीन-चार तास सराव करणारी मुलगी अर्धपोटी राहिली तर पाळी लांबते किंवा थांबते, हाडं ठिसूळ होतात, आणि मग साध्या उडीनंतर उतरतानाही पायाचं हाड तडकू शकतं. रिंग्जवर घुमणाऱ्या भावाला दूध-अंडी आणि बीमवरच्या बहिणीला 'अगं, पोळी एकच घे' असं ज्या घरात चालतं, तिथे सरांना विचारायचा पहिला प्रश्न उंचीचा नाहीच.