जबडा पुढे धरून झोपताना

घोरण्यासाठी आणि स्लीप अ‍ॅप्नियासाठी, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याच्या आजारासाठी, खालचा जबडा पुढे धरणारं रात्री तोंडात बसवायचं साधन घेतलं की पहिली तक्रार बहुतेकदा लाळेची असते. उशी ओली होते, गिळायला म्हणून मध्येच जाग येते. दुसरी तक्रार सकाळची. दात आवळल्यासारखे वाटतात, दाढा एकमेकींवर बसत नाहीत, नाश्त्याचा पहिला घास नीट चावता येत नाही. इथेच कितीतरी जण ते साधन डबीत ठेवतात आणि डबी पुन्हा उघडत नाहीत. याचं फार वाईट वाटतं, कारण या त्रासामागची कारणं माहीत आहेत आणि त्यातला बराचसा त्रास काही आठवड्यांत ओसरतो.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. जबडा लहान असेल किंवा मानेत चरबी साठली असेल, तर जीभ आणि मऊ टाळू मागे कलून श्वासाची वाट अरुंद होते. त्या चिंचोळ्या वाटेतून हवा जाताना टाळू आणि पडजीभ थरथरतात, तो घोरण्याचा आवाज. वाट पुरती मिटली आणि श्वास 10 सेकंद किंवा जास्त थांबला, तर तो अ‍ॅप्निया. रक्तातला ऑक्सिजन घसरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, श्वास पुन्हा सुरू होतो आणि सकाळी त्या माणसाला यातलं काहीच आठवत नाही. श्वास थांबण्याचे किंवा फार मंदावण्याचे प्रसंग तासाला 5 ते 15 असतील तर आजार सौम्य, 15 ते 30 असतील तर मध्यम आणि 30 च्या वर गेले तर तीव्र मानतात.

जिभेचा सर्वांत मोठा स्नायू हनुवटीच्या मागे, खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूला हाडाला जोडलेला असतो. त्यामुळे जबडा पुढे आणला की जीभही पुढे येते. शिवाय जबडा, टाळू आणि घशाच्या भिंती यांना जोडणारे मऊ भाग ताणले जाऊन घसा बाजूंनीही रुंदावतो. साधन एवढंच करतं. त्याचा एक भाग वरच्या दातांवर बसतो, दुसरा खालच्या. स्क्रूने किंवा पट्ट्यांनी खालचा भाग थोडा पुढे धरून ठेवलेला असतो.

हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं सीपॅप यंत्र यापेक्षा प्रभावी आहे आणि तीव्र आजारात आधी त्याचाच विचार व्हायला हवा. पण यंत्र रात्रभर लावलं तरच उपयोग. ऑस्ट्रेलियात 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन्ही उपचार एकाच गटाने एकेक महिना वापरले. श्वास थांबण्याचे प्रसंग सीपॅपने जास्त कमी केले, पण रुग्णांनी ते रात्री सरासरी 5.2 तास लावलं आणि तोंडातलं साधन 6.5 तास. महिन्याअखेर दिवसाची झोपाळू अवस्था आणि रक्तदाब यांत दोन्ही उपचार जवळपास बरोबरीचे ठरले. साधनाचे तास रुग्णांनी स्वतः सांगितलेले होते, त्यामुळे शंका येणं साहजिक आहे. पण त्याच वर्षी बेल्जियममधल्या अँटवर्पच्या संशोधकांनी साधनातच तापमान टिपणारा छोटा सेन्सर बसवला. तीन महिन्यांची सरासरी आली रात्री 6.6 तास.

आता सवयीकडे. तोंडात काही आलं की ते अन्न समजून लाळ सुटणं हा शरीराचा प्रतिक्षेप आहे. तीच वस्तू रोज येत राहिली की मेंदू तिची दखल घेणं कमी करतो आणि लाळ आटोक्यात येते. म्हणून झोपण्याआधी वाचताना किंवा टीव्ही पाहताना तासभर साधन लावून बसावं. जबडाही एकदम पूर्ण पुढे ओढायचा नसतो. जितका पुढे जाऊ शकतो त्याच्या साधारण निम्म्यापासून सुरुवात करून, दंतवैद्याच्या सांगण्यानुसार, मिलिमीटरच्या अंशाअंशाने पुढे नेतात. घाईने स्क्रू फिरवला की सांधा दुखतो.

सकाळी दाढा जुळत नाहीत, कारण जबडा पुढे ओढणारे स्नायू रात्रभर आखडलेल्या अवस्थेत राहिलेले असतात. ते सैल व्हायला थोडा वेळ लागतो. त्यासाठी दंतवैद्य सकाळी काही मिनिटं चावून धरायचा छोटा साचा देतात. तो कंटाळा न करता रोज वापरावा.

दातांची गोष्ट मात्र सवयीने सुटत नाही. पुढे धरलेल्या जबड्याला स्नायू सतत मागे खेचत असतात आणि तो ताण दातांवर येतो. दात हाडाला थेट चिकटलेले नसतात. दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो. एका दिशेने दाब येत राहिला की तिथलं हाड झिजतं आणि विरुद्ध बाजूला नवं तयार होतं. दातांना तारा बसवतात तेव्हा हेच घडतं. त्यामुळे वर्षानुवर्षांच्या वापराने वरचे पुढचे दात थोडे आत आणि खालचे थोडे बाहेर कलू शकतात. बहुतेकांना हा बदल जाणवतही नाही, पण तो आपोआप उलटत नाही, म्हणून दातांची नियमित तपासणी टाळू नये. हिरड्यांचा आजार, हलणारे दात, फार थोडे शिल्लक दात किंवा जबड्याच्या सांध्याचं जुनं दुखणं असेल, तर आधीच वेगळा विचार करावा लागतो.

गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायची तयार साधनं ऑनलाइन स्वस्तात मिळतात. बेल्जियममध्येच 2008 साली त्यांची तुलना दातांच्या मापाने बनवलेल्या साधनाशी झाली. तयार साधनं कमी पडली आणि त्यातली पुष्कळशी दातांवर टिकतच नव्हती. तयार साधन हलत राहिलं म्हणून हा उपचारच आपल्याला मानवत नाही, असा निष्कर्ष काढू नका.

जबडा योग्य जागी आला, त्रास कमी झाला, घरच्यांना शांत झोप लागू लागली, तरी एक काम उरतंच. घोरण्याचा आवाज बंद होऊनही श्वास थांबत राहू शकतो, आणि ते शेजारी झोपलेल्याला ऐकू येत नाही. म्हणून साधन तोंडात असताना झोपेची चाचणी पुन्हा करून घ्यावी. पुढे वजन बरंच वाढलं किंवा दिवसा पुन्हा पेंग येऊ लागली, तर तेव्हाही करावी.