मॉर्फिन आणि फेन्टानिल: बीपी दोन्हींनी पडतं, पण एकाच वाटेने नाही

सदाशिव पेठेतलं छोटं नर्सिंग होम असो की हडपसरचं मोठं हॉस्पिटल, ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) बीपी पडलं की एक वाक्य ठरलेलं: "ओपिऑइडने पडलं." ओपिऑइड म्हणजे अफूच्या जातीची वेदनाशामकं; पण कुठल्या ओपिऑइडने, हे कुणी विचारत नाही. मॉर्फिन आणि फेन्टानिल एकाच दावणीला बांधायची ही सवय आता पुरे.

मॉर्फिन सगळ्यांच्या ओळखीचं. फेन्टानिल त्याच्या साधारण शंभरपट जोरकस, म्हणून मायक्रोग्रॅममध्ये मोजायचं. लवकर चढतं आणि लहान डोस लवकर उतरतो. दोन्ही व्हेगस नर्व्ह (हृदयाची गती कमी करणारा मज्जातंतू) चेतवून नाडी मंदावतात. इथवर वाद नाही.

घोळ होतो तो हिस्टामिनपाशी, म्हणजे ॲलर्जीत सुटणाऱ्या रसायनापाशी. मॉर्फिन शिरेतून भसकन दिलं की मास्ट पेशींतून हिस्टामिन सुटतं. शिरेच्या रेषेत हातावर लाल पट्टा उठतो, नाक खाजतं, रक्तवाहिन्या सैलावतात आणि बीपी घसरतं. अशा वेळी नाडी मंद न होता उलट धावूही शकते. सगळा खेळ डोसचा आणि वेगाचा. पेशंट आडवा, सलाईन पुरेसं गेलेलं, मॉर्फिन सावकाश, तर सहसा काही बिघडत नाही. हे हिस्टामिन ओपिऑइड रिसेप्टरमार्फत (ओपिऑइड पेशीला जिथे चिकटतं त्या जागेमार्फत) सुटत नाही, त्यामुळे नॅलॉक्सोनने, म्हणजे ओपिऑइडच्या उताऱ्याने, ते आवरत नाही. तरी हात आधी तिकडेच जातो!

फेन्टानिलने हिस्टामिन वाढत नाही. 1982 मध्ये दोघांच्या मोठ्या डोसची तुलना झाली, तेव्हा रक्तातलं हिस्टामिन मॉर्फिनने चढलं, फेन्टानिलने नाही. मग फेन्टानिलनंतर बीपी का पडतं? भीती आणि वेदनेने सिम्पथेटिक यंत्रणा (नाडी आणि बीपी चढवणारी मज्जायंत्रणा) तणावात असते, तो ताण उतरतो म्हणून. रक्त गेलेला किंवा रात्रीपासून उपाशी, कोरडा पडलेला पेशंट त्या ताणावरच तगून असतो. वर लगेच प्रोपोफॉल (भुलीचं औषध) गेलं की बीपी कोसळतं आणि खापर फेन्टानिलवर. खुद्द हृदयाच्या आकुंचनाला फेन्टानिल फारसा धक्का लावत नाही, म्हणून तर हृदयशस्त्रक्रियेत एवढं रुळलं. श्वासनळीत ट्यूब टाकताना उसळणारं बीपी आणि नाडीही तेच दाबतं, पण तीन ते पाच मिनिटं आधी दिलं तर. सिरिंज रिकामी करून लगेच लॅरिंगोस्कोप (ट्यूब टाकताना घसा बघायचं उपकरण) उचलणाऱ्यांनी मग "फेन्टानिल चाललं नाही" म्हणू नये.

म्हणून बीपीचा आकडा बघितला की नाडीही बघा, कातडीही बघा. नाडी चाळिशीत असेल तर नाडी वाढवणारं ॲट्रोपिन. लाली आणि धावती नाडी असेल तर मॉर्फिन थांबवा, सलाईन वाढवा, लागलं तर रक्तवाहिन्या आवळणारं फेनिलेफ्रिन. नाडी न बघता सरसकट मेफेन्टरमिन (बीपी चढवणारं औषध) ठोकणं मला बिलकूल पटत नाही.

माझी पसंती ठरलेली आहे: ऑपरेशन चालू असताना फेन्टानिल, आणि मॉर्फिन नंतर रिकव्हरीत, थोडं थोडं करून. पेथिडीन या आणखी एका ओपिऑइडला मात्र यात ओढू नका. त्यात ॲट्रोपिनसारखा गुण आहे, ते नाडी वाढवतं.