हुकूम नेमका कुणाचा? जर्मन सेनादलांच्या सर्वोच्च नेतृत्वाची गोष्ट

युद्धाची आखणी पद्धतशीरपणे कशी करावी, हे जगाने बऱ्याच अंशी प्रशियाकडून, म्हणजे पुढे जर्मनीला एक करणाऱ्या राज्याकडून उचललं. तिथल्या ‘जनरल स्टाफ’मधले निवडक अधिकारी शांततेच्या काळातच नकाशे, रेल्वेची वेळापत्रकं आणि संभाव्य मोहिमा यांचा अभ्यास करत. १८६६ मध्ये ऑस्ट्रियाशी लढाई जुंपली तेव्हा या स्टाफचा प्रमुख हेल्मुट फॉन मोल्टके याला राजाच्या नावाने थेट सैन्याला हुकूम देण्याचा अधिकार मिळाला. त्याने पाच रेल्वेमार्गांनी फौजा सरहद्दीवर आणल्या आणि केनिग्रेट्सची लढाई जिंकली.

असा देश पुढे दोन महायुद्धांत सर्वांत वरच्या पातळीवर इतका विस्कळीत का राहिला? माझ्या मते दोष माणसांपेक्षा रचनेचा होता, आणि ती रचना जाणूनबुजून केलेली होती.

सुरुवात नौदलापासून झाली. १८८९ मध्ये कैसर (जर्मन सम्राट) दुसरा विल्हेल्म याने एकसंध नौदल मुख्यालय मोडलं. लढाईची सूत्रं एकाकडे, जहाजबांधणी आणि पैसा दुसऱ्याकडे, अधिकाऱ्यांच्या नेमणुका तिसऱ्याकडे. तिघेही थेट कैसरला भेटणार, एकमेकांना बांधील कुणीच नाही. १८९९ मध्ये तर लढाईचं स्वतंत्र नेतृत्वही रद्द करून त्याने ते स्वतःकडे घेतलं. जहाजबांधणीचं खातं सांभाळणाऱ्या अॅडमिरल टिर्पिट्झने अफाट खर्चाचा ताफा उभा केला, पण तो वापरायचा कसा हे ठरवणं त्याच्या हाती नव्हतं. पहिल्या महायुद्धात बडी जहाजं बहुतेक काळ बंदरातच राहिली. अॅडमिरल शेअरच्या हाती सागरी युद्धाची एकत्रित सूत्रं आली ती ऑगस्ट १९१८ मध्ये, आणि पुढच्या तीन महिन्यांत युद्धच संपलं.

हिटलरने हाच कित्ता गिरवला. ४ फेब्रुवारी १९३८ रोजी युद्धमंत्रालय बरखास्त करून त्याने तिन्ही दलांवर ‘ओकेडब्ल्यू’ हे सर्वोच्च मुख्यालय नेमलं, प्रमुख म्हणून कायटेल. नाव मोठं, अधिकार तोकडे. भूदल आणि नौदलाची मुख्यालयं वेगळी, आणि हवाईदलाचा प्रमुख गोरिंग हिटलरशिवाय कुणाला जुमानत नसे.

याची किंमत २२ फेब्रुवारी १९४० च्या रात्री दिसली. ब्रिटिश मच्छीमार बोटींना गाठायला सहा जर्मन विनाशिका उत्तर समुद्रातल्या डॉगर बँककडे निघाल्या होत्या, पाणसुरुंगांतून मोकळ्या केलेल्या अरुंद वाटेने. त्याच रात्री जर्मन बॉम्बफेकी विमानंही त्याच भागात शत्रूची जहाजं शोधत होती. विमानं येणार हे किनाऱ्यावरच्या नौदल मुख्यालयाला कळलं होतं, तरी विनाशिकांना कुणी कळवलं नाही. वैमानिकांनाही खाली आपलीच जहाजं आहेत याचा पत्ता नव्हता. अंधारात एक हाइंकेल विमान डोक्यावर आलं, जहाजांनी गोळीबार केला, विमानाने बॉम्ब टाकले. ‘लेबेरेश्ट मास’ बुडाली. गोंधळात ‘माक्स शुल्ट्झ’ही गेली, बहुधा ब्रिटिश सुरुंगावर आदळून. पाचशेहून अधिक खलाशी मेले आणि त्या रात्री शत्रूचं एकही जहाज समोर आलं नव्हतं.

डिसेंबर १९४१ मध्ये हिटलर स्वतःच भूदलाचा सरसेनापती झाला. पुढे रशियाची आघाडी भूदल मुख्यालयाकडे आणि पश्चिमेकडच्या आघाड्या ओकेडब्ल्यूकडे, अशी वाटणी पक्की झाली. दोन्हींचा मेळ घालणारा माणूस एकच, हिटलर. ६ जून १९४४ ला नॉर्मंडीत दोस्तांचं सैन्य उतरलं तेव्हा पश्चिम आघाडीचा सेनापती रुंडश्टेटने राखीव रणगाडा तुकड्या पहाटेच मागितल्या. त्या ओकेडब्ल्यूच्या ताब्यात होत्या आणि हिटलर झोपला होता. परवानगी आली दुपारी, चारच्या सुमारास.